गरिबाच्या डोळ्याचा भाव कोण ठरवणार?

वस्तीतल्या विहारात जमणाऱ्या साठी-सत्तरीच्या माणसांकडे एकदा नीट पाहा. कोणी गिरणीत घाम गाळला, कोणी नगरपालिकेत झाडू मारला. दिवसभर राबून याच पिढीने रात्रशाळेत अक्षरे गिरवली आणि बाबासाहेबांचे ग्रंथ वाचले. ज्यांच्या बापजाद्यांना अक्षराची बंदी होती, त्यांनी लढून मिळवलेली ही दौलत आहे. आज त्यांच्यातलाच एखादा म्हणतो, "पेपरातल्या ओळी वाकड्या दिसतात, मधले अक्षरच दिसत नाही." घरचे म्हणतात, वय झाले, मोतीबिंदू असेल. पण दर वेळी तो मोतीबिंदूच असतो असे नाही.

डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध मॅक्युला नावाचा छोटा भाग असतो. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही सारी कामे त्याच्या जोरावर होतात. वाढत्या वयात हा भाग झिजतो. झीज कोरडी असेल तर नजर हळूहळू मंदावते. ओल्या प्रकारात मात्र पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या फुटतात, त्यातून पाणी व रक्त पाझरते आणि काही आठवड्यांत मधली नजर जाऊ शकते. गेलेली नजर सहसा परत येत नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनने हा आजार जात नाही. त्यासाठी डोळ्यात इंजेक्शन द्यावे लागते आणि तेही एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. खरा प्रश्न इथेच सुरू होतो. कोणते इंजेक्शन आणि किती पैशांचे?

बरीच वर्षे मुख्य औषधे तीन होती. पहिले ल्युसेंटिस, म्हणजे रॅनिबिझुमॅब. अमेरिकेत २००६ साली ते खास डोळ्यासाठी मंजूर झाले. दुसरे अॅव्हास्टिन, म्हणजे बेव्हॅसिझुमॅब. ते २००४ साली आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झाले होते. २००५ मध्ये मायामीचे डॉ. फिलिप रोझेनफेल्ड यांनी त्याचा अगदी छोटा डोस डोळ्यात देऊन पाहिला आणि गुण आला. तिसरे आयलिया, म्हणजे अफ्लिबरसेप्ट, २०११ चे. पहिल्या तीन मासिक डोसांनंतर ते दोन महिन्यांनी दिले तरी चालते. ज्याला दवाखान्यात नेताना घरच्या माणसाचा रोज बुडतो, त्याच्यासाठी ही सोय मोलाची आहे.

आता गंमत पाहा. ल्युसेंटिस आणि अॅव्हास्टिन ही दोन्ही औषधे एकाच जेनेन्टेक कंपनीची. २०११ च्या सुमारास अमेरिकेत एकाच्या डोसाला सुमारे २००० डॉलर पडत, तर दुसऱ्याच्या डोसाला सुमारे ५० डॉलर. चाळीस पट फरक! मग कंपनी स्वस्त औषधासाठी डोळ्याची मान्यता मागायला कशाला जाईल? तिने ती मागितलीच नाही. शेवटी अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेने जनतेच्या पैशातून सुमारे १२०० रुग्णांवर दोन्हींची तुलना केली. २०११ मध्ये निकाल आला: एक वर्षानंतर दोन्ही औषधांनी नजर सारखीच राखली. २०१२ मध्ये दोन वर्षांचा निकालही तसाच आला.

बाबासाहेबांचा अनुयायी सोयीचे तेवढेच सांगत नाही, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. त्या अभ्यासात पहिल्या वर्षी अॅव्हास्टिनच्या गटात २४ टक्के, तर ल्युसेंटिसच्या गटात १९ टक्के रुग्णांना गंभीर त्रास झाला, त्यातल्या बहुतेकांना इस्पितळात दाखल व्हावे लागले. पण जादा दाखल झालेल्यांचे बरेचसे आजार या औषधाशी जोडले जाणारे नव्हते. खरा धोका वेगळाच आहे. अॅव्हास्टिनच्या एका मोठ्या बाटलीतून अनेकांचे डोस काढले जातात. तिथे स्वच्छता चुकली किंवा बाटली बनावट निघाली तर डोळा जातो. जानेवारी २०१६ मध्ये गुजरातेत काही रुग्णांच्या डोळ्यांना इजा झाली, तेव्हा केंद्रीय औषध नियंत्रकांनी या वापराविरुद्ध इशारा दिला आणि मार्चमध्ये तो मागे घेतला. म्हणजे स्वस्त औषध वाईट नाही, त्याची निष्काळजी हाताळणी वाईट आहे. ती सुधारणे हे सरकारचे काम आहे.

इटलीच्या स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये रोश आणि नोव्हार्टिस या कंपन्यांना मिळून १८ कोटी युरोंहून अधिक दंड ठोठावला. स्वस्त औषध धोकादायक भासवण्यासाठी त्यांनी संगनमत केले, असा ठपका होता. कंपन्यांनी तो नाकारला, पण २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने दंड कायम ठेवला. इंग्लंडमध्ये आरोग्य संस्थांनी रुग्णांना अॅव्हास्टिन देऊ केले म्हणून नोव्हार्टिस आणि बायर कोर्टात गेल्या आणि २०१८ मध्ये हरल्या. हीच नोव्हार्टिस कर्करोगाच्या ग्लिव्हेकचे पेटंट मागत आपल्या सर्वोच्च न्यायालयात आली होती. १ एप्रिल २०१३ रोजी तिला नकार मिळाला. कायदा शाबूत असला की गरिबाचे औषध वाचते, ते असे. २०१५ मध्ये आपल्याकडच्या इंटास कंपनीने रॅनिबिझुमॅबचा स्वदेशी पर्याय रॅझुमॅब बाजारात आणला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच डोळ्यासाठी बेव्हॅसिझुमॅबला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले आहे.

मग अडते कुठे? अडते ते सांगण्यात. गरीब रुग्णापुढे महागड्या औषधाचा आकडा ठेवला जातो, स्वस्त पर्यायाचे नाव निघत नाही. म्हातारा माणूस मान खाली घालून घरी येतो आणि अंधार पत्करतो. मुलगा कर्ज काढतो, तेही दोन-तीन इंजेक्शनांत संपते आणि उपचार अर्धवट सुटतो. याला नशीब म्हणायचे का? संविधानाच्या ४७ व्या कलमाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले आहे. ती कुणाची मेहरबानी नाही.

आपणही हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपण आरोग्य शिबिरे घेतो, चष्मे वाटतो. त्यात एक चौकटींचा कागद ठेवा. एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे पाहायला सांगा. रेघा वाकड्या दिसल्या किंवा मध्ये डाग दिसला, तर त्याच आठवड्यात पडद्याच्या डॉक्टरकडे न्या. तंबाखू-विडी सोडवा, धूम्रपानाने हा आजार बळावतो. आणि डॉक्टरांना न घाबरता विचारा: यापेक्षा स्वस्त इंजेक्शन आहे का? डोस कुठे आणि कसा भरला जातो? किती वेळा घ्यावे लागेल?

हजारो वर्षे धर्माच्या नावाने आमच्यापासून अक्षर तोडले गेले. आता तेच अक्षर बाजाराच्या नावाने तुटत असेल, तर गप्प बसायचे नाही. प्रश्न विचारायला बाबासाहेबांनीच शिकवले आहे. तो दवाखान्याच्या दारातही विचारा.