एका खिडकीवरचा 'नाही'

विधवा, अनाथ मुलं, दिव्यांग, एकटे म्हातारे... अमरावती-अकोल्यात यांच्यासाठी योजना चिक्कार आहेत. ज्यांना त्या हव्यात, त्यांच्याकडे खिडक्यांवर चकरा मारायला वेळ नाही. आणि तुमच्याकडे? वीकेंड आहे, लीव्ह आहे, शिवाय फॉर्म भरायची सवयही आहे!

क्रेडिट कार्डच्या बिलात तीनशे रुपये जास्त लागले, तर तुम्ही काय करता? कस्टमर केअरला फोन. मराठीसाठी एक दाबा, तक्रारीसाठी चार दाबा, मग ते डोकं उठवणारं म्युझिक. पंधरा मिनिटं होल्डवर. पहिला माणूस 'सॉरी' म्हणाला की त्याच्या सीनियरला मागता. तिथंही नाही झालं तर मेल टाकता, कम्प्लेंट नंबर जपून ठेवता. शेवटी तीनशे रुपये परत येतात आणि रात्री टपरीवर तुम्ही कॉलर ताठ करून सांगता, 'आपण सोडलं नाही बॉस!'

हे 'सोडलं नाही' प्रकरण साधं नाही. एका 'नाही'वर थांबायचं नसतं, हे आपण नोकरी करता करता शिकलो. पण ज्यांचा प्रश्न तीनशे रुपयांचा नाही, महिनाभराच्या किराण्याचा आहे, ती माणसं पहिल्याच 'नाही'ला घरी परततात. कारण दुसऱ्यांदा यायचं म्हणजे आणखी एका दिवसाचा खाडा.

गेले काही महिने मी अमरावती आणि अकोल्यात हेच बघत फिरतेय. कुणाला काय मिळू शकतं, कुठं मिळतं आणि का मिळत नाही.

मागेल तो कुठे मागेल?

आधी एक गैरसमज काढून टाकू. 'अशा लोकांसाठी महापालिकेनं काहीतरी करावं यार' असं आपण म्हणतो. पण महापालिका हे फक्त एक दार आहे. विधवा, निराधारांचं मासिक अनुदान हवं? तहसील कार्यालय. मुलांसाठी मदत हवी? जिल्हा महिला व बालविकास अधिकारी आणि बाल कल्याण समिती. दिव्यांगाचं प्रमाणपत्र? अमरावतीत इर्विन, अकोल्यात सर्वोपचार. म्हाताऱ्या आईबापांना मुलगा सांभाळत नाही? उपविभागीय अधिकारी. महापालिकेनं तिच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे असतात, त्यातून काही हवं असेल तर महापालिका.

आता गंमत अशी, की या खिडक्यांची एकमेकींशी ओळख नाही. एकीवरचा माणूस दुसरीचा पत्ता सांगेलच याची खात्री नाही. त्याच्याकडचा नियम बसला नाही की तो 'बसत नाही' म्हणतो. त्याच्या परीनं तो बरोबर असतो. पण समोरचा माणूस ऐकतो ते वेगळंच. त्याला वाटतं, सरकार नाही म्हणालं.

ताईंचं गणित

अकोल्यात जठारपेठेकडे माझी एक मैत्रीण राहते. तिच्याकडे स्वयंपाकाला येतात त्या ताई. वय पस्तिशीच्या आत. नवरा तीन वर्षांपूर्वी आजारपणात गेला. मुलगी आठवीत, मुलगा पाचवीत. तीन घरचा स्वयंपाक करून संसार चालतो. मुलीनं शाळा सोडून एका घरची भांडी धरावी, असं घरात बोलणं सुरू झालं होतं.

मी विचारलं, अर्ज वगैरे केला होता का कधी?

"केला होता ना ताई. मले तं त्यायनं नाही म्हटलं. मंग आता कायले जा लागते पुन्हा? तीन घरचे खाडे होतेत."

हा नकार होता संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा. १९८० पासून चालत आलेली ही राज्याची योजना विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, गंभीर आजारी अशा ६५ वर्षांखालच्या निराधारांसाठी आहे. २०२३ मध्ये रक्कम दरमहा १,५०० रुपये झाली, आणि २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी २,५०० करायचा निर्णय झाला. अट काय? कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. दिव्यांगांसाठी ५०,०००.

एकवीस हजार भागिले बारा करा. महिन्याला १,७५० रुपये! म्हणजे जी बाई हातपाय हलवते, दोन घरची कामं धरते, ती कागदावर निराधार राहत नाही. ताई तिथंच बाद झाल्या. हा दोष ताईंचा नाही, खिडकीवरच्या कारकुनाचाही नाही. ही मर्यादाच आजच्या भावात हास्यास्पद आहे, आणि ती बदला असं मोठ्यानं म्हणायला हवं.

पण ताईंना एक गोष्ट तीन वर्षांत कुणी सांगितली नव्हती. त्यांना नकार मिळाला तो त्यांच्या नावच्या योजनेत. मुलांच्या नावची योजना वेगळी आहे, आणि तिची खिडकीही वेगळी. तिचं नाव बाल संगोपन योजना. हल्ली तिच्यापुढे क्रांतिज्योती सावित्रीबाई फुलेंचं नाव जोडलंय. आई किंवा वडील गेलेले, किंवा दोघंही नाहीत, पालक दुर्धर आजारी आहेत, तुरुंगात आहेत, विभक्त झालेत, अशा १८ वर्षांखालच्या मुलांना घरीच वाढता यावं, अनाथाश्रमात जावं लागू नये, यासाठी ती आहे. २०२३ मध्ये तिची रक्कम एका मुलामागे दरमहा २,२५० रुपये झाली.

दोन मुलांचे ४,५०० रुपये. वर्षाचे ५४,०००. भांड्यांचं एक घर धरून मुलीनं जे आणलं असतं, त्यापेक्षा किती तरी जास्त. आणि तेही शाळा न सोडता.

कागद काय लागले? मुलांचे आणि आईचं आधार, वडिलांचा मृत्यूचा दाखला, शाळेचं बोनाफाइड, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक. आणि घरासमोर उभं राहून आई-मुलांचा एक फोटो. तो मी मोबाइलवर काढला. मुलगा फोटोसाठी शर्ट बदलून आला होता.

अर्ज झाला, चौकशीला घरी माणूस आला, मग मुलांना घेऊन बाल कल्याण समितीपुढे जायचं होतं. 'कोर्ट' म्हणून ताई घाबरल्या. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात अशी समिती असते. एक अध्यक्ष, चार सदस्य, त्यात किमान एक महिला. समितीला मॅजिस्ट्रेटचे अधिकार आहेत, पण वातावरण कोर्टाचं नव्हतं. मुलीला विचारलं, पुढे काय शिकायचं? ती लाजून 'नर्सिंग' म्हणाली. ताईंनाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

हे लिहितेय तेव्हा आदेश हातात आलाय, पैसे यायचेत. हे पैसे पगारासारखे एक तारखेला पडत नाहीत, बरेचदा काही महिन्यांचे एकदम येतात. पण मुलगी शाळेत जातेय.

'अपात्र' हा शिक्का

वऱ्हाडाबद्दल लिहायचं आणि शेतकरी कुटुंबांबद्दल लिहायचं नाही, असं होऊच शकत नाही. जुलै २००६ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यात अमरावती आणि अकोला दोन्ही होते. तेव्हापासून 'पात्र' आणि 'अपात्र' हे दोन शब्द इथल्या गावागावांत रुळले.

आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला राज्य सरकारची एक लाखाची मदत असते. ३०,००० हातात, ७०,००० मुदत ठेवीत. पण त्याआधी तपासणी. जमीन कुणाच्या नावावर होती? कर्ज बँकेचं, सोसायटीचं की परवाना नसलेल्या सावकाराचं? ते थकलं होतं का? हे बसलं नाही तर प्रकरण अपात्र.

अपात्र ठरतं ते प्रकरण, पण शिक्का बसतो घरावर. त्या घरातली बाई एका लाखाला अपात्र ठरली, तरी ती विधवा आहेच. तिची मुलं वडिलांविना आहेतच. म्हणजे संजय गांधीचं दार वेगळं, बाल संगोपनचं वेगळं. घर दारिद्र्यरेषेखाली असेल आणि गेलेला कर्ता माणूस १८ ते ५९ वयाचा असेल, तर राष्ट्रीय कुटुंब अर्थसहाय्य योजनेचे एकरकमी २०,००० हे आणखी एक दार. 'अपात्र' ऐकून ही दारं कुणी वाजवलीच नसतील, तर ते नुकसान कुठल्याही यादीत दिसत नाही.

अठरा पूर्ण, आता पुढे?

मुलांच्या बहुतेक योजनांना एक एक्स्पायरी डेट असते. अठरावा वाढदिवस! आपण त्या दिवशी लायसन्सच्या मागे लागलो होतो. बालगृहातल्या मुलाला त्या दिवशी घर सोडायची तयारी करावी लागते. कायद्यात २१ वर्षांपर्यंत, अपवाद म्हणून २३ पर्यंत अनुरक्षणाची सोय आहे. पण ज्याला बोलता येत नाही, ज्याची बुद्धी लहान मुलाची राहिली, त्यानं एकवीस-तेवीसनंतर कुठं जायचं?

हा प्रश्न आयुष्यभर लावून धरणारा माणूस आपल्याच जिल्ह्यात आहे. परतवाड्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला वझ्झर नावाचं गाव आहे. तिथं शंकरबाबा पापळकरांनी बेवारस, दिव्यांग, मतिमंद, मूकबधिर अशा १२३ मुलामुलींना बाप म्हणून स्वतःचं नाव दिलं. अठरा झाले म्हणून कुणाला बाहेर काढलं नाही, उलट कित्येकांची लग्नं लावली. अशा मुलांच्या अठरानंतरच्या पुनर्वसनासाठी कायदा करा, ही त्यांची जुनी मागणी आहे. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी त्यांच्या घरात वाढलेली एक अंध मुलगी एमपीएससीतून लिपिक-टंकलेखक पदासाठी निवडली गेली. 'यांचं पुढे काय?' याचं एक उत्तर तिनं देऊन टाकलं.

तशी वऱ्हाडाला ही परंपरा नवी नाही. अमरावतीत गाडगेबाबांची समाधी आहे आणि १९४६ मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी उभं केलेलं तपोवन आहे. पण प्रत्येक गल्लीत एक शंकरबाबा निघेल, अशा भरवशावर शहर चालत नाही.

ज्यांच्या घरात असं मूल आहे, त्या आईबापांना एकच काळजी असते. आमच्यामागं याचं कोण? त्यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांगत्व असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमू शकते. आईवडील हयात असतानाच हा कागद करून ठेवता येतो.

म्हातारी माणसं आणि पुण्यातली मुलं

आता थोडं आपल्या घरातलं. राजापेठेतल्या किंवा राऊतवाडीतल्या कितीतरी घरांत दोनच म्हातारी माणसं उरलीत. मुलं हिंजवडीत, बंगळूरला, नाहीतर थेट न्यू जर्सीत. पैसे येतात, माणूस येत नाही. आणि काही घरांत पैसेही येत नाहीत. २००७ च्या कायद्यानं आईवडिलांना मुलांकडून निर्वाह भत्ता मागायचा हक्क दिलाय. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा, आणि महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत आदेश होऊ शकतो. ६५ पूर्ण केलेल्या गरीब वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे, दरमहा १,५०० रुपयांची. उत्पन्नाची अट पुन्हा तीच, २१,०००.

मग आपण काय करायचं?

चेक फाडा, जुने कपडे द्या, हे तुम्ही ऐकून कंटाळलात. मी मागतेय ती गोष्ट स्वस्त आहे. वर्षातून एक कॅज्युअल लीव्ह. तुमच्या घरी काम करणाऱ्या मावशी, ऑफिसचा सिक्युरिटीवाला, सोसायटीतले एकटे काका, यांच्यापैकी एका घरासोबत एक दिवस जा.

जाताना तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, अर्ज दिला की पोच घ्या. सही, शिक्का, तारीख. पोच नाही तर अर्ज नाही. दोन, 'बसत नाही' म्हणाले तर 'तेवढं लेखी द्या' म्हणा, अगदी गोड आवाजात. लेखी नकारात कारण असतं, आणि कारण कळलं की पुढची खिडकी कळते. तीन, महिनोन्‌महिने उत्तर नाही? दहा रुपयांत माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

आणि हो, बोलायचं त्यांनी. आपण फक्त शेजारी उभं राहायचं. अर्ज त्यांचा आहे, हक्कही त्यांचा.

हे नंबर आत्ताच सेव्ह करा

१०९८ : संकटातल्या मुलांसाठी. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली हेल्पलाइन, २०२३ पासून सरकारी यंत्रणेकडे. तुम्हाला एखादं मूल अडचणीत दिसलं तर तुम्हीही फोन करू शकता.

१८१ : महिलांसाठी. घरात मारहाण होत असेल तर जिल्ह्याचं सखी वन स्टॉप सेंटर. उपचार, पोलीस, वकील, समुपदेशन आणि तात्पुरता निवारा एकाच छताखाली.

१४५६७ : ज्येष्ठ नागरिकांसाठी.

१४४१६ : टेलिमानस. मनावर ओझं असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर. तुमच्यासाठीसुद्धा.

१५१०० : मोफत कायदेशीर मदत. महिला, मुलं आणि दिव्यांगांना ती उत्पन्न न बघता मिळते.

११२ : जीवावरचा प्रसंग असेल तर आधी हा.

पुढच्या वेळी कस्टमर केअरचं ते म्युझिक वाजायला लागलं की आजूबाजूला एक नजर टाका. ज्याला एका खिडकीवर 'नाही' ऐकू आलंय आणि जो तिथूनच परत फिरलाय, असा एक तरी माणूस तुमच्या ओळखीत निघेल. त्याला एवढंच विचारा, 'कोणत्या खिडकीवर गेला होता?'