मोटारीचा विमा आणि मालकाचा जीव

नवी मोटार दारी आली की तिला हार घालतात, नारळ फोडतात, शेजारीपाजारी पेढे वाटतात. विम्याचा कागद मात्र बहुधा न वाचताच गाडीच्या खणात जाऊन पडतो. वाचकहो, तो कागद एकदा बाहेर काढून पाहा. आपल्या कुटुंबाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची अशी एक ओळ त्यात असावयास हवी.

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १४६ अन्वये विम्यावाचून वाहन रस्त्यावर आणता येत नाही. परंतु हा सक्तीचा विमा कोणासाठी? तो आहे त्रयस्थासाठी. आपल्या वाहनाची धडक बसलेल्या पादचाऱ्यासाठी वा सायकलस्वारासाठी. वाहनाचा मालक हा त्रयस्थ नव्हे. त्याला झालेल्या इजेची भरपाई या विम्यातून मिळत नाही.

‘सर्वंकष विमा घेतला म्हणजे चिंता मिटली’, असेही पुष्कळांस वाटते. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढलेले एक प्रकरण या बाबतीत उद्बोधक आहे. स्वतःच्या जीपमधून जाताना जखमी झालेल्या मालकाने भरपाई मागितली होती. विमा सर्वंकष होता. तथापि भरलेला हप्ता जीपच्या नुकसानीसाठी होता, मालकाच्या इजेसाठी नव्हे, असे ठरले आणि मालकाला विमा कंपनीकडून काही मिळाले नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठीच मालक-चालकाचा अनिवार्य वैयक्तिक अपघात विमा आहे. पूर्वी त्याची रक्कम दुचाकीसाठी १ लाख व मोटारीसाठी २ लाख रुपये असे. २०१८ साली विमा नियामक प्राधिकरणाने ती १५ लाख रुपये केली व त्या वेळी वर्षाचा हप्ता ७५० रुपये ठरविला. जानेवारी २०१९ पासून हा विमा स्वतंत्रपणेही घेता येतो. मालकाची अनेक वाहने असली तरी तो एकदाच पुरेसा होतो. तितक्याच रकमेचा सर्वसाधारण अपघात विमा आधीपासून असल्यास याची सक्ती नाही.

अपघाती मृत्यू आल्यास, अथवा दोन्ही हात, दोन्ही पाय वा दोन्ही डोळे गेल्यास पूर्ण रक्कम मिळते. एक हात, एक पाय वा एक डोळा गेल्यास निम्मी. रुग्णालयाचा खर्च मात्र यातून मिळत नाही. मालकाजवळ वैध परवाना असलाच पाहिजे. मद्याच्या अमलाखाली झालेल्या अपघातास हे संरक्षण लागू नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. विमापत्रातील शब्द नोंदणीकृत मालकाविषयी आहेत. गाडी पत्नीच्या नावावर आणि चालविणार पती, अशी घरची व्यवस्था असेल, तर पतीने या विम्यावर विसंबून राहू नये. स्वतःसाठी निराळा अपघात विमा घ्यावा. बरोबरच्या प्रवाशांसाठीही अधिक हप्ता भरून वेगळे संरक्षण घेता येते.

तेव्हा आज रात्री जेवणे आटोपल्यावर विमापत्र उघडा आणि पती-पत्नी दोघांनी मिळून तीन गोष्टी पाहा: मालक-चालकाच्या विम्याचा हप्ता भरला आहे काय, परवान्याची मुदत संपली तर नाही ना, आणि वारस म्हणून कोणाचे नाव लिहिले आहे. ते नाव रिकामे वा चुकीचे राहिले, तर दुःखाच्या दिवसांतच घरच्यांना कचेऱ्यांचे खेटे घालावे लागतात. विमापत्र कोठे ठेवले आहे, हेही घरातील दुसऱ्या माणसास ठाऊक असू द्या.