मुलुंड ते माहुली : पावसाळी रविवार

पहाटे 4.30. पहिली लोकल गाठायची म्हणून सॅक रात्रीच भरलेली. दोर, प्रथमोपचार पेटी, शिट्टी आणि नावांची यादी. पावसाळ्यात गट नेणाऱ्याने यादीवर भिस्त ठेवावी, आठवणीवर नाही. ठाण्याला कसारा लोकल पकडतो. घाटकोपर, भांडुपची मंडळी तिथेच भेटतात.

7.00. आसनगाव. रिक्षाने गडाच्या पायथ्याच्या माहुली गावात. चहा, पोहे, पहिली मोजणी.

8.00. वाटाडे मामा वर बघतात. "ढग बसलाय ताई. आज भंडारगड नको." माहुलीच्या या जोडगडाबद्दल मामांचा शब्द अखेरचा. गटात कोणी कुरकुरलं तरी मी बदलत नाही.

8.30 ते 11.00. साग संपून कारवी लागते. वाट ओढ्यासारखी वाहते, बुटांत पाणी, दहा पावलांपुढचा माणूस दिसत नाही. दर वळणावर शिट्टी. शेवटी कातळाला टेकवलेली लोखंडी शिडी. एका वेळी एकच जण, तोंड कातळाकडे, हात गजावर. इथे कितीही वेळ गेला तरी चालेल.

11.30. महादरवाजा. कमान ढासळली आहे, पण पहारेकऱ्यांच्या देवड्या अजून आहेत. कातळावरची छिन्नीची खूण बोटाला लागते, तिच्यातून शेवाळाचं पाणी पाझरतं. डबे उघडण्याआधी मी इतिहास सांगते: 1636 साली शहाजीराजे इथे मोगलांच्या वेढ्यात अडकले, निजामशाहीचा बाल सुलतान मूर्तझा याला मोगलांच्या हवाली करावं लागलं आणि ती सत्ता संपली. शिवरायांनी घेतलेला हा गड 1665 च्या पुरंदर तहात गेला, 1670 मध्ये पुन्हा स्वराज्यात आला. एवढ्या मोठ्या घडामोडीच्या जागी लोक धबधबा बघून खालूनच परततात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माहुली ज्या अभयारण्यात आहे, त्यातच तानसा तलाव आहे. 1892 मध्ये पूर्ण झालेल्या त्या धरणाची नळवाहिनी मुलुंड, घाटकोपरवरून जाते. पोरांना हे सांगितलं की प्लास्टिक वेचायला वेगळं बोलावं लागत नाही.

1.00. परत फिरणं. उतरताना घसरण जास्त, म्हणून सगळ्यात मागे मी.

4.30. गावात शेवटची मोजणी. मामांचे पैसे हातावर, मग लोकल.

पहिल्यांदा जाणार असाल तर गावातला वाटाड्या घ्याच, आणि तो नको म्हणाला तर त्या दिवशी वर जाऊ नका.