नैसर्गिक शेती सरकारी धोरणात आली कशी, आणि आपण किती एकरात करायची?



"नैसर्गिक शेतीला अनुदान आहे म्हणतात, मग खत एकदम बंद करायचं का?" असं बरेच सभासद विचारत आहेत. आधी ही योजना आली कुठून ते बघू.

*शिबिरापासून बजेटपर्यंत*
अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी स्वतःच्या शेतात प्रयोग करून जीवामृत, बीजामृत, आच्छादन आणि वाफसा ही चार सूत्रं मांडली. प्रसार झाला तो शेतकऱ्यांच्या शिबिरांतून. कर्नाटकात रयत संघाने ही पद्धत उचलली. आंध्र प्रदेशने २०१५-१६ पासून सरकारी कार्यक्रम सुरू केला आणि महिला बचत गटांमार्फत तो गावोगाव नेला. २०१६ मध्ये पाळेकरांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये हिमाचल प्रदेशने योजना आणली. जुलै २०१९ च्या केंद्रीय बजेटच्या भाषणात 'झिरो बजेट' शेतीचं नाव आलं. २५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय नैसर्गिक शेती मिशन मंजूर केलं.

*शास्त्रज्ञांचा आक्षेप*
हे सगळ्यांना पटलं असं नाही. २०१९ मध्येच राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीने आक्षेप घेतला. म्हणणं असं, की या पद्धतीच्या दाव्यांना तपासलेली आकडेवारी नाही. मुद्दा साधा आहे. जीवामृतात जिवाणू भरपूर, पण नत्र-स्फुरद-पालाश थोडंच. जमिनीत सेंद्रिय कर्ब कमी असेल, तर पहिली काही वर्षं उत्पादन घटू शकतं. ऊस, गहू, मका यांसारख्या जास्त नत्र लागणाऱ्या पिकांत हा धोका जास्त. दुसऱ्या बाजूला, विकतची खतं-औषधं बंद झाल्यावर खर्च घटतो, हेही खरं. म्हणून उत्पादन आणि खर्च दोन्ही मांडल्याशिवाय नफा-तोटा कळत नाही.

*श्रीलंकेचा धडा*
२०२१ मध्ये श्रीलंका सरकारने रासायनिक खतांची आयात एकदम बंद केली. तयारी नव्हती, पुरेसं सेंद्रिय खतही नव्हतं. भाताचं उत्पादन पडलं, चहालाही फटका बसला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घ्यावी लागली. आपल्याकडचं मिशन ऐच्छिक आहे, कुणावर सक्ती नाही. पण हीच घाई आपण आपल्या शेतात करायची नाही.

*मिशनमध्ये काय आहे?*
▪️ मंजुरीच्या वेळी एकूण तरतूद २,४८१ कोटी रुपये
▪️ १५,००० समूह, ७.५ लाख हेक्टर क्षेत्र
▪️ जीवामृत वगैरे तयार मिळण्यासाठी १०,००० जैविक निविष्ठा केंद्रं
▪️ प्रशिक्षण आणि गावपातळीवर मदतीला कृषी सखी
▪️ समूहातल्या शेतकऱ्याला एकरी वर्षाला ४,००० रुपये, दोन वर्षं, जास्तीत जास्त एका एकरासाठी

म्हणजे सरकारनेही मदत एका एकरापुरतीच धरली आहे. आपला गाव समूहात आहे का आणि सध्या नोंदणी चालू आहे का, ते तालुका कृषी अधिकारी किंवा 'आत्मा' कार्यालयात विचारा.

*कंपनीचा सल्ला*
१. सगळ्या रानात नको. अर्धा ते एक एकर निवडा.
२. आधी माती परीक्षण करून घ्या.
३. सुरुवात हरभरा, तूर, मूग, उडीद अशा पिकांनी करा. कापसात मूग-उडदाचं आंतरपीक घ्या.
४. नुसत्या जीवामृतावर राहू नका. कुजलेलं शेणखत आणि पाचट-काडीकचऱ्याचं आच्छादन द्या. काडी जाळू नका.
५. शेजारी तेवढाच तुकडा नेहमीच्या पद्धतीने ठेवा. दोन्हीचा खर्च वहीत लिहा, घरच्या माणसांची मजुरीसुद्धा धरा. माल वेगवेगळा मोजा.
६. जास्त भाव मिळेल असं धरून चालू नका. प्रमाणपत्र आणि खरेदीदार असल्याशिवाय बाजारात माल नेहमीच्याच भावाने जातो.

वहीचा आणखी एक उपयोग आहे. शिबिरं घेणाऱ्यांनी शेतकऱ्यांचे अनुभव सरकारपुढे मांडले म्हणून हे धोरण आलं, आणि आकडे नाहीत म्हणून शास्त्रज्ञ अडले. दहा-वीस सभासदांचे दोन हंगामांचे खरे आकडे जमले, तर आपली कंपनीसुद्धा कृषी विभागापुढे ठामपणे बोलू शकेल. तोटा झाला तरी तो लिहा, लपवू नका. तोही तितकाच कामाचा आहे.

ज्यांना एक एकर करून बघायचं आहे त्यांनी आपल्या गटप्रमुखाकडे नाव, गट नंबर आणि पीक कळवावं. 🙏

— आपली शेतकरी उत्पादक कंपनी