परीक्षकांचे परीक्षण : प्रयोगशाळा-प्रत्यायनाच्या राष्ट्रीय व्यवस्थेचा विचार

१. विषयप्रवेश

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर ३ मध्ये राहणाऱ्या नागरिकाच्या हाती प्रयोगशाळांचे नाना प्रकारचे कागद पडत असतात. कधी रक्तातील साखरेचा अहवाल, कधी पिण्याच्या पाण्याच्या तपासणीचा दाखला; आणि तो मिठाईचा दुकानदार असेल, तर अन्नसुरक्षा अधिकाऱ्याने नेलेल्या नमुन्याचा निकाल. प्रत्येक कागदावर काही आकडे असतात. ते त्याने स्वतः मोजलेले नसतात आणि मोजणाऱ्यास तो बहुधा ओळखतही नसतो. तथापि औषध चालू करावे की नाही, पाणी प्यावे की नाही, दुकानदारावर खटला भरावा की नाही, हे त्या आकड्यांवरूनच ठरते. अपरिचिताच्या शब्दावर एवढा भार टाकावयाचा, तर त्या शब्दाला कोणी तरी जामीन असावयास हवा.

चाचणी-प्रयोगशाळांच्या बाबतीत भारतात ही जामीनकी पत्करणारी प्रमुख संस्था म्हणजे राष्ट्रीय परीक्षण व अंशशोधन प्रयोगशाळा प्रत्यायन मंडळ होय. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ती 'एनएबीएल' म्हणून ओळखली जाते. परंतु जामिनासही जामीन लागतोच. या मंडळाचा कारभार कोण पाहतो, त्याच्या निर्णयावर अंकुश कोणाचा, आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप त्या सामान्य वाचकाचे या कारभारात स्थान काय, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२. खूण आणि तिचा धनी

या विचारास उल्हासनगरहून समर्पक स्थळ शोधूनही सापडणार नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती कल्याणजवळच्या लष्करी छावणीत झाली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणी गेली, पण १ ते ५ हे कॅम्पांचे क्रमांक पत्त्यांतून आजही नांदत आहेत. मध्यवर्ती रुग्णालय, महाविद्यालये आणि बाजारपेठ यांमुळे कॅम्प नंबर ३ हा शहराचा गजबजलेला भाग झाला आहे.

या शहराविषयी एक आख्यायिका मुंबई परिसरात सर्वतोमुखी आहे. येथील मालावर 'मेड इन यूएसए' असा छाप असे आणि कोणी हटकल्यास 'यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा खुलासा मिळे, असे सांगतात. रिकाम्या हातांनी येऊन अल्पावधीत उद्योगनगरी उभारणाऱ्या समाजाला या विनोदाने पुरता न्याय मिळत नाही हे खरे. परंतु शब्दार्थाच्या अभ्यासकाला त्यात एक मोलाचे उदाहरण सापडते. छापातील अक्षरे खोटी नाहीत आणि त्यांचा सांगितलेला विस्तारही अशक्य नाही. तरीही वाचणाऱ्याची दिशाभूल होते. कारण खुणेचा अर्थ तिच्या अक्षरांत नसतो. तो ती खूण वापरण्याच्या संकेतात असतो, आणि संकेत राखणारा कोणी नसेल तर खूण निराधार होते. प्रयोगशाळेच्या अहवालावरील प्रत्यायनाची मुद्रा हीही एक खूणच आहे. तिचे वेगळेपण इतकेच की, तिच्यामागे संकेत राखणारा धनी आहे, असा दावा केलेला असतो. तो दावा कितपत टिकतो, हे धन्याच्या कारभारावरून ठरावयाचे.

३. शब्दविचार

मराठी व्यवहारात परवाना, प्रमाणन आणि प्रत्यायन या तीन संज्ञांची नेहमी सरमिसळ होते. परवाना ही राज्यसत्तेने दिलेली अनुज्ञा होय. प्रमाणन म्हणजे अमुक वस्तू वा व्यवस्था ठरलेल्या मानकास उतरते असा दाखला. प्रत्यायन या दोहोंहून भिन्न आहे. अमुक प्रयोगशाळा अमुक चाचणी करण्यास सक्षम आहे, असा निर्वाळा म्हणजे प्रत्यायन. तो मालाविषयी नसून माल पारखणाऱ्याविषयी असतो.

शिवाय हा निर्वाळा सरसकट नसतो. प्रत्येक प्रयोगशाळेच्या प्रत्यायनपत्राला चाचण्यांची सूची जोडलेली असते. पाण्यातील क्षारांच्या मोजणीसाठी प्रत्यायित असलेली प्रयोगशाळा त्याच पाण्यातील जीवाणूंच्या तपासणीसाठी प्रत्यायित असेलच असे नाही. अहवालावर मुद्रा दिसली की सर्व आकडे सारखेच विश्वसनीय मानण्याची वृत्ती म्हणूनच धोक्याची आहे.

शब्दाची व्युत्पत्तीही उद्बोधक आहे. 'अधिस्वीकृती' हा पर्याय महाराष्ट्रात पत्रकारांच्या संदर्भात रूढ आहे. त्यात भर आहे तो वरिष्ठाने केलेल्या स्वीकारावर. 'प्रत्यायन' हा शब्द 'प्रति' आणि 'इ' यांपासून सिद्ध झालेल्या प्रयोजक रूपावरून आलेला आहे. प्रत्यय आणून देणे, विश्वास उत्पन्न करणे हा त्याचा अर्थ. मग विश्वास कोणाच्या ठायी उत्पन्न करावयाचा? मंडळाच्या नव्हे आणि प्रयोगशाळेच्याही नव्हे. तो अहवाल वाचणाऱ्या तिसऱ्या व्यक्तीच्या ठायी उत्पन्न व्हावयाचा आहे. मुद्रा देणारा एक, घेणारा दुसरा आणि विसंबणारा तिसरा. या व्यवस्थेच्या कारभारातील सारे अवघड प्रश्न या तिसऱ्याच्या अनुपस्थितीतून निघतात.

४. संस्थेची घडण

प्रयोगशाळांच्या राष्ट्रीय प्रत्यायनाचा आरंभ १९४७ साली ऑस्ट्रेलियात झाला. महायुद्धकाळात युद्धसामग्रीच्या चाचण्यांची विश्वसनीय सोय नसल्याची जाणीव त्यामागे होती. भारतात १९८० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने परीक्षण व अंशशोधन सुविधांच्या समन्वयाचा कार्यक्रम हाती घेतला. १९९३ साली त्याला आजचे नाव मिळाले. १९९८ साली १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली त्याची स्वतंत्र संस्था झाली, आणि २०१६ साली ही संस्था भारतीय गुणवत्ता परिषदेत विलीन होऊन तिचे एक घटक मंडळ बनली.

गुणवत्ता परिषद ही १९९७ साली स्थापन झालेली नोंदणीकृत संस्था आहे. सरकार आणि उद्योगजगतातील तीन शिखर संघटना यांनी मिळून ती उभारली. तिच्या अध्यक्षांची नेमणूक उद्योगजगताच्या शिफारशीवरून पंतप्रधान करतात, आणि तिच्या नियामक परिषदेत सरकार, उद्योग व ग्राहक यांना सारखे प्रतिनिधित्व असावे असे तत्त्व आहे. सरकारात तिचा संबंध उद्योग व अंतर्गत व्यापार संवर्धन विभागाशी येतो. अर्थात प्रयोगशाळांचे प्रत्यायन २०१६ मध्ये विज्ञानाच्या खात्याकडून उद्योगाच्या खात्याच्या परिघात आले. हे स्थलांतर केवळ कार्यालयीन नव्हे. प्रत्यायनाकडे ज्ञानव्यवहाराचे अंग म्हणून पाहावयाचे की व्यापाराची पायाभूत सोय म्हणून, या प्रश्नाचे त्यात एक उत्तर दडलेले आहे.

५. अधिकारांची विभागणी

प्रयोगशाळा ज्या मानकावर पारखल्या जातात ते आयएसओ/आयईसी १७०२५ होय. वैद्यकीय प्रयोगशाळांसाठी आयएसओ १५१८९ हे मानक आहे. पारखणाऱ्या मंडळालाही मानक आहे. त्याचा क्रमांक १७०११ असून त्याची प्रचलित आवृत्ती २०१७ ची आहे. कारभाराच्या दृष्टीने त्यातील चार तत्त्वे विशेष महत्त्वाची आहेत.

पहिले तत्त्व असे की, ज्याने तपासणी केली त्याने निर्णय देऊ नये. मंडळाने नेमलेले तज्ज्ञ प्रयोगशाळेत जाऊन उपकरणे, नोंदी व माणसांचे कौशल्य पाहतात. पण प्रत्यायन द्यावे की नाही हे त्यांच्याहून वेगळ्या व्यक्तींनी वा समितीने ठरवावयाचे असते. दुसरे, अपिलाचा विचार मूळ प्रकरणाशी संबंध नसलेल्यांनी करावा. तिसरे, प्रत्यायन करणाऱ्या संस्थेने स्वतः चाचणीचा व्यवसाय करू नये आणि प्रयोगशाळांना सल्लाही विकू नये. शिकवणी घेणाऱ्यानेच परीक्षा घेतली तर निकालाला अर्थ उरत नाही. चौथे, संबंधित सर्व पक्षांना कारभारात वाव असावा, मात्र कोणा एकाचे वर्चस्व नसावे. यांखेरीज दोन प्रत्यक्ष तपासण्यांत २ वर्षांहून अधिक आणि पूर्ण चक्रात ५ वर्षांहून अधिक काळ जाऊ देऊ नये, अशी मर्यादा आहे.

या तत्त्वांचे सार असे की, व्यवस्थेची विश्वासार्हता तिच्यातील माणसांच्या सचोटीवर सोपविलेली नाही. सचोटीची गरज कमीत कमी पडावी अशी कामांची वाटणी केलेली आहे.

६. मापाची साखळी आणि विश्वासाचे वर्तुळ

येथे मापनशास्त्राशी तुलना उपयुक्त ठरते. उल्हासनगरच्या एखाद्या प्रयोगशाळेतील तराजूचे अंशशोधन एखाद्या प्रत्यायित अंशशोधन-प्रयोगशाळेकडून होते. तिची वजने दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील मानकाशी ताडलेली असतात. आणि ते मानक आंतरराष्ट्रीय एककाशी जोडलेले असते. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या पॅरिसजवळ जपलेल्या धातुगोळ्यावर अवलंबून नसून निसर्गातील एका स्थिरांकावर आधारलेली आहे. तात्पर्य, मापाच्या साखळीला शेवटचा खिळा आहे आणि तो कोणत्याही संस्थेच्या हाती नाही.

विश्वासाच्या साखळीला असा खिळा नाही. प्रयोगशाळेवर मंडळ आहे. मंडळावर आंतरराष्ट्रीय सहकार्यसंघटना आहेत. पण या संघटना मंडळांच्याच बनलेल्या आहेत. एका देशाच्या मंडळाची तपासणी इतर देशांच्या मंडळांतील तज्ज्ञ करतात आणि त्यावरून परस्परमान्यतेच्या करारातील स्थान ठरते. असा जागतिक करार २ नोव्हेंबर २००० रोजी झाला व भारतीय मंडळ त्याच वर्षी त्यात सामील झाले. त्यामुळे येथील अहवाल परदेशात पुन्हा चाचणी न करता स्वीकारला जाण्याची वाट खुली झाली. परंतु साखळी येथे वर टांगलेली राहत नाही. ती वळून वर्तुळ बनते. समव्यावसायिक एकमेकांना जामीन राहतात. निसर्गस्थिरांकाची उणीव येथे केवळ कारभाराच्या शिस्तीने भरून काढावयाची असते. म्हणून प्रत्यायन-मंडळाच्या बाबतीत कारभार हा दुय्यम, कचेरीतला विषय राहत नाही. मुद्रेला जे मोल असते ते सर्वस्वी त्यातूनच येते.

७. स्वेच्छा आणि सक्ती

प्रत्यायन तत्त्वतः स्वेच्छेचे आहे. तथापि कायद्याने त्याचा आधार घेतला की स्वेच्छेचे स्वरूप पालटते. २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके अधिनियमाच्या कलम ४३ मध्ये या मंडळाने 'किंवा अन्य कोणत्याही प्रत्यायन संस्थेने' प्रत्यायित केलेल्या प्रयोगशाळा अधिसूचित करण्याची तरतूद आहे. कलम ४७ नुसार अन्नाच्या नमुन्याचे ४ भाग होतात. एक अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याच्या ताब्यात राहतात, आणि दुकानदाराने मागणी केल्यास चौथा भाग प्रत्यायित प्रयोगशाळेकडे पाठविला जातो. दोन्ही अहवालांत तफावत पडली तर निर्देशित प्रयोगशाळेचा निर्णय अंतिम ठरतो. कॅम्प नंबर ३ मधील मिठाईवाल्याच्या दृष्टीने हा चौथा भाग म्हणजे सरकारी आकड्याविरुद्ध उभे राहण्याचे एक महत्त्वाचे शास्त्रीय साधन होय. ज्या प्रयोगशाळेकडे तो धाव घेतो तिचे प्रत्यायन पोकळ असेल, तर कायद्याने दिलेला हा बचावही पोकळ ठरतो. आणि मिठाई खरोखरच भेसळीची असेल, तर त्याच पोकळपणाचा भुर्दंड गिऱ्हाइकाच्या प्रकृतीला बसतो.

दुसरे उदाहरण महासाथीचे. मार्च २०२० मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने खाजगी प्रयोगशाळांना करोना विषाणूच्या चाचणीची मुभा देताना या मंडळाच्या प्रत्यायनाची अट घातली. एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या आदेशात प्रत्यायित प्रयोगशाळांचा, अथवा जागतिक आरोग्य संघटना वा वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मान्य केलेल्या संस्थांचा, निर्देश केला. जी मुद्रा काल प्रतिष्ठेची होती ती आज प्रवेशद्वाराची किल्ली झाली. किल्ली हाती असलेल्या संस्थेकडून अपेक्षावयाची उत्तरदायिता अर्थातच निराळी असते.

८. शिल्लक प्रश्न

पहिला प्रश्न पैशाचा. अर्जाचे व तपासणीचे शुल्क प्रयोगशाळा भरतात. ज्याची परीक्षा घ्यावयाची त्याच्याच शुल्कावर परीक्षक चालतो. नापास होणारे गिऱ्हाईक गमावण्याची भीती नसावी म्हणून युरोपीय संघाने २००८ च्या नियमाने प्रत्येक देशात एकच राष्ट्रीय प्रत्यायन संस्था ठेवली, तिचे कार्य ना-नफा तत्त्वावर चालावे असे ठरविले आणि या संस्थांना परस्परांशी स्पर्धा करण्यास मनाई केली. भारतीय कायद्यातील 'किंवा अन्य कोणतीही प्रत्यायन संस्था' हे शब्द मात्र स्पर्धेला दार किलकिले ठेवतात. एकाधिकारात उद्दामपणाचे भय असते, स्पर्धेत सवंगपणाचे. प्रत्यायनाच्या क्षेत्रात दुसरे भय अधिक गंभीर आहे; कारण उद्दामपणाची तक्रार प्रयोगशाळा करील, पण सवंगपणाची तक्रार करावयास कोणी पुढे येणार नाही.

दुसरा प्रश्न एकाच छत्राचा. गुणवत्ता परिषदेत रुग्णालये व प्रमाणनसंस्था यांच्या प्रत्यायनाची मंडळेही आहेत. शिवाय परिषद सरकारसाठी मूल्यमापनाची कामे करीत आली आहे. २०१६ व २०१७ मधील शहरांचे स्वच्छता सर्वेक्षण तिनेच केले. यात काही गैर आहे असे नव्हे. परंतु अशा संबंधित कामांतून निःपक्षपाताला पोहोचू शकणारे धोके आधीच ओळखावेत आणि त्यांचा बंदोबस्त नोंदवून ठेवावा, असे १७०११ हे मानक सांगते. ते काम जितके उघडपणे होईल तितके मुद्रेचे मोल वाढेल.

तिसरा प्रश्न त्या तिसऱ्या व्यक्तीचा. ग्राहकांना सारखे स्थान हे तत्त्व योग्यच आहे. पण सरकार व उद्योग हे संघटित आहेत, अहवालाचा वाचक विखुरलेला आहे. उल्हास व वालधुनी या नद्यांच्या प्रदूषणाचा वाद राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेला. अशा वादात पाण्याच्या पृथक्करणाचे आकडे हाच मुख्य पुरावा असतो, आणि नदीकाठच्या रहिवाशाला ते आकडे तपासण्याचे दुसरे साधन नसते. त्याचा प्रतिनिधी कोण, हे केवळ परिषदेतील खुर्च्या मोजून ठरत नाही.

९. समारोप

यावरून पुढील संशोधनास एक दिशा मिळते. मंडळाने किती प्रयोगशाळांना मुद्रा दिली ही संख्या वार्षिक प्रगतीचे माप म्हणून पुढे केली जाते. कारभाराची खरी परीक्षा मात्र किती जणांची मुद्रा कमी वा रद्द केली, कोणत्या कारणाने केली, आणि ती कारणे सामान्य वाचकाला समजतील अशा भाषेत व त्याला सहज सापडतील अशा ठिकाणी प्रसिद्ध झाली की नाही, यात आहे. विश्वास उत्पन्न करणे हे ज्या संस्थेच्या नावातच आहे, तिने नकाराची कारणेही प्रादेशिक भाषांत सांगावयास हवीत. जो नकार कोणाला दिसत नाही, त्याने होकाराची किंमत वाढत नाही.