मायक्रोफोनची जागा

विजेच्या गिटारचा नाद श्रोत्यांस मिळतो तो ॲम्प्लिफायरच्या कर्ण्यांतून. म्हणून ध्वनिमुद्रणांत मायक्रोफोन ठेवावयाचा तोही कर्ण्यापुढेंच. १९६५ पासून प्रचारांत असलेला शुअर एसएम५७ येथें बहुतांच्या आवडीचा. त्याचें तोंड कागदी शंकूच्या मध्याकडे असल्यास स्वर तीक्ष्ण, आमच्या मतें कर्णकटुच, येतो. दोन बोटें कडेकडे सरकवला कीं मृदु होतो. फार जवळ नेल्यास खर्ज फुगतो.

दोन मायक्रोफोन लावले म्हणजे दुप्पट लाभ, असें वाचकांस वाटेल. परंतु एक दुसऱ्याच्या ३४ सेंटिमीटर मागें असला तर त्यास नाद सेकंदाच्या सहस्रांशानें उशिरां पोंचतो, आणि दोन्ही नाद समप्रमाणांत मिसळतांच सेकंदास ५०० कंपनांजवळचा स्वर जवळजवळ मावळतो. तसेंच एकत्र मुद्रित झाल्यास वादकास पुन्हा वाजवावयास सांगणें भाग पडतें. आणि पहिल्या वेळचा रंग दुसऱ्या वेळीं भरेलच असें नाहीं.