पाऊण मोठा की दोन तृतीयांश?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना अपूर्णांकांची तुलना शिकवायची आहे? मग फळ्याकडे वळण्याआधी त्यांचं घर, शेत आणि जंगल पाहा. लहान-मोठ्याचे कितीतरी शब्द तिथे आधीच रुळलेले आहेत. ते वर्गात आणायचे, एवढंच!

‘मोठं अर्धं’ नसतं
“मला मोठं अर्धं दे!” भावंडांच्या भांडणातलं हे वाक्य कोणत्या घरात ऐकू येत नाही? अर्धं म्हणजे दोन सारख्या वाट्यांपैकी एक. म्हणून ‘जास्त’ आणि ‘कमी’ यांच्याही आधी मुलाच्या तोंडी ‘सारखा वाटा’ हे शब्द बसायला हवेत. त्यांच्या जोडीला एक प्रश्न: “कशाचा अर्धा?” लहान भाकरीच्या अर्ध्यापेक्षा मोठ्या भाकरीचा पावही जास्त भरू शकतो. तुलना करायची तर भाकरी एकाच आकाराची हवी.

वाटेकरी वाढले, वाटा घटला
३ पेक्षा ४ मोठे, म्हणजे १/३ पेक्षा १/४ मोठा! मुलांना असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे, कारण मोठेही इथे फसतात. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या ‘ए अँड डब्ल्यू’ या हॉटेलसाखळीने पाव पौंडी बर्गरला टक्कर द्यायला एक तृतीयांश पौंडाचा बर्गर आणला, पण तो चालला नाही. बऱ्याच ग्राहकांना १/४ हाच मोठा वाटला, असं साखळीचे तेव्हाचे मालक आल्फ्रेड टॉबमन यांनी पुढे लिहिलं. ‘छेद मोठा, अपूर्णांक लहान’ हे पाठ करून घेण्याआधी ‘वाटेकरी वाढले की वाटा घटतो’ हे मुलांना स्वतः वाटणी करून कळू द्या.

पुडा ७० पानांचा
तेंदूपत्त्याच्या हंगामात इथल्या घराघरांत पुडे बांधले जातात. एका पुड्यात ७० पानं, अशी महाराष्ट्रातली रीत. पुड्याचा अर्धा ३५ पानं, सातवा हिस्सा १० आणि दहावा फक्त ७. मग १/७ मोठा की १/१०? इथलं मूल पानं मोजून सांगेल.

पाऊण: शब्दातच युक्ती
‘पाऊण’ आला संस्कृतातल्या ‘पादोन’वरून. पाद म्हणजे चौथा हिस्सा, ऊन म्हणजे कमी. पूर्णाला पाव कमी, तो पाऊण! आता शीर्षकातला प्रश्न सोडवा. पाऊणला पूर्ण व्हायला १/४ कमी पडतो, दोन तृतीयांशाला १/३. पाऊणची उणीव लहान, म्हणून पाऊण मोठा. “पूर्ण व्हायला किती कमी?” हा प्रश्न मुलांना शिकवा, ३/४ आणि ४/५ यांचा निकालही तोच लावतो.

सिरोंचाचा ‘मुप्पावु’
सिरोंचाकडच्या तेलुगू बोलणाऱ्या घरांत पाव म्हणजे ‘पावु’, अर्धा म्हणजे ‘अर’ आणि पाऊण म्हणजे ‘मुप्पावु’, म्हणजेच तीन पाव. मराठी पूर्णातून पाव वजा करते, तेलुगू तीन पाव मोजते. एकाच अपूर्णांकाकडे पाहायच्या या दोन वाटा, आणि दोन्ही बरोबर! चामोर्शी-मुलचेराच्या बंगाली कुटुंबांतले ‘देड’ आणि ‘आडाई’ तर आपल्या दीड-अडीचचे सख्खे भाऊ शोभतात. धानोरा तालुक्यातल्या मोहगावात ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. मुलांची भाषा हे शिकण्याचं भांडवल आहे. “तुमच्या घरी याला काय म्हणतात?” हा प्रश्न गणिताच्या तासालाही विचारायलाच हवा.

ताडोबा अर्ध्याशी ताडा
ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प सुमारे १,७२७ चौरस किलोमीटरचा, त्यात कोअर क्षेत्र सुमारे ६२५. पूर्णाचा अर्धा साधारण ८६३, तिसरा हिस्सा साधारण ५७५. म्हणजे कोअर ‘तृतीयांशाहून मोठा, अर्ध्याहून लहान’. असं वाक्य जमलेलं मूल अपूर्णांकांना घाबरत नाही. ३/७ आणि ५/८ समोर आले तर समच्छेद करायचीही गरज नाही: पहिला अर्ध्याच्या अलीकडे, दुसरा पलीकडे.

सातबारा अपूर्णांक नव्हे!
७/१२ लिहितात, पण कुणीही काहीही भागत नाही. गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ यांचा तो जोड-उतारा आहे. पैसेवारीत, म्हणजे रुपयात किती पैसे पीक आलं या अंदाजात, मात्र खरी तुलना असते. पिकाची पैसेवारी ५० पैशांच्या खाली गेली की धानउत्पादकाच्या पोटात गोळा येतो. रुपयाचा अर्धा ही इथली ओळखीची सीमारेषा.

समच्छेद: ‘लीलावती’तही
पाचवीच्या गणितात भेटणारा ‘समच्छेद’ हा शब्द भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० च्या सुमारास, आहे. त्या काळी आपल्याकडे अंशाखाली छेद लिहीत, पण मधे आडवी रेघ नसे.

चिन्हाआधी ‘कारण’
< आणि > यांची घाई नको. आधी मुलाला पूर्ण वाक्य बोलू द्या: “पाच अष्टमांश अर्ध्यापेक्षा मोठा, कारण अर्धा म्हणजे चार अष्टमांश.” उत्तर बरोबर येण्याइतकंच ते ‘कारण’ महत्त्वाचं. अंदाजाने दिलेलं उत्तरही कधी बरोबर निघतं. कारण मात्र समजल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून मुलाचं उत्तर बरोबर असो वा चूक, दर वेळी विचारा, “कशावरून?”